बिवळ्याची साल

माझं संशोधन जिंतूर तालुक्यातल्या रानझाडांवर होतं. कोणतं झाड कुठं उरलंय आणि लोक त्याचं काय औषध करतात, हे लिहून काढायचं. परभणीहून सकाळची एसटी धरायची, बोरीला उतरायचं आणि मिळेल त्या ऑटोनं डोंगराकडच्या गावांत जायचं. पायात बूट, गळ्यात कॅमेरा आणि डोक्यात आपण फार मोठं काम करतोय ही हवा. आमच्या घरात पीएच.डी. करणारी मी पहिलीच. वडील शाळेत शिपाई होते आणि पदवी हातात पडायच्या आधीच सगळ्या वस्तीला मला 'डॉक्टर' म्हणायला लावत होते. त्यामुळं हवा जरा जास्तच होती.

त्यातल्या एका गावात झाडपाल्याचं औषध देणारे एक म्हातारे होते. मी त्यांना मामा म्हणायचे. सत्तरी ओलांडलेले, अक्षराची ओळख नाही, पण चुरगाळलेल्या पानाचा वास घेऊन झाड सांगायचे. औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत. 'इकलं की गुन जातो,' एवढंच म्हणायचे. पहिले काही महिने त्यांनी मला कडुनिंब आणि करंज यांपलीकडं काही दाखवलं नाही. मी मनातून जळफळायचे. हे तर मी कॉलेजात शिकवते त्या अकरावीच्या पोरांनाही ठाऊक होतं. म्हातारा मला पारखतोय, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात शिरलं नाही.

मग एका सकाळी ते आपणहून म्हणाले, 'चल माय, आज खरं झाड दावतो.'

तो बिवळा होता. त्या सगळ्या टापूत उरलेला मोठा बिवळा तो एकच. मामा त्याची साल साखरेच्या आजाराला द्यायचे. आदल्या सांजेला त्यांनी बुडाशी तांदूळ आणि सुपारी ठेवून झाडाला आवतण दिलं होतं. आता एक शब्द न बोलता त्यांनी उगवतीच्या अंगाला तळहाताएवढी साल काढली. लाल चीक ओघळला. त्यांनी शेणमातीचा लेप देऊन ती जागा झाकली आणि मग तोंड उघडलं.

'ही जखम भरल्याबिगर दुसरी करायची न्हाई. मानूस किती का तळमळंना. आजा असंच करायचा, बापबी असंच. म्हनून झाड हाय.'

मी सगळं टिपून घेतलं. रात्री तक्ता भरताना मात्र अडले. आमच्या तक्त्याला रकाने ठरलेले: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कूळ, औषधी भाग, उपयोग. किती घ्यायचं, कधी थांबायचं, याला रकानाच नव्हता. मग आवतण, उगवतीची बाजू, तळहात, लेप हे सगळं मी उचलून शेवटच्या परिशिष्टात 'लोकसमजुती' या मथळ्याखाली टाकलं. नजर काढण्याच्या आणि मांजर आडवं जाण्याच्या शेजारी. तेव्हा त्यात मला काही चूकही वाटलं नाही.

पाहणी संपली की महत्त्वाच्या झाडांना पत्र्याच्या पाट्या लावायच्या, ही आमच्या विभागाची पद्धत. कॉलेजच्या आवारात प्रत्येक झाडाला अशी पाटी आहे आणि ती कुणी म्हणून वाचत नाही. बिवळ्याची पाटी मी स्वतः रंगवून घेतली. नाव, कूळ आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'साल मधुमेहावर उपयुक्त'. मी तार आवळत असताना पाटी मामांनी धरली होती.

'आता सरकारी पाटी लागली,' ते खूश होऊन म्हणाले. 'आता कुनी हात लावनार न्हाई ना?'

'नाही मामा,' मी म्हणाले.

पाटीचा फोटो कुणीतरी काढला आणि तो मोबाइलवरून गावोगाव फिरला. घरटी एकाला साखर, मग काय होणार? पावसाळा संपता संपता मामांनी बोरीच्या एका मास्तरांकडून मला फोन लावून घेतला. मी गेले. माणसाचा हात पोचेल तिथपासून बुडापर्यंत झाड चहूबाजूंनी सोललेलं होतं. चीक वाळून काळा पडला होता, पानं गळत होती. साल गोल काढली की मुळांना अन्न पोचत नाही आणि झाड मरतं, हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. मला तिथं उभं राहवेना.

मामांचं दुखणं निराळंच होतं. ही साल गावात त्यांनाच ठाऊक, त्यामुळं म्हाताऱ्यानंच पैसे घेऊन पाटी लावू दिली, झाड विकलं, असं गाव म्हणत होतं. औषधाला माणसं यायची बंद झाली होती.

'सोमवारी ये माय,' ते म्हणाले. 'पारावर चार मान्सांपुढं सांग, पाटी तू लावली म्हनून. माझं कोन ऐकतंय? तू शिकलेली हायस, तुझं ऐकतेल.'

मी येते म्हणाले. खरंच जाणार होते.

त्याच आठवड्यात माझी तोंडी परीक्षा होती. मी सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, 'आत्ता गावभर कबूल केलंत, तर परीक्षेत पहिला प्रश्न हाच येईल. सध्या गप्प बसा. नंतर जा की.' मला हेच ऐकायचं होतं. मी मूग गिळून बसले. मास्तरांना फोन करून येत नसल्याचा निरोप देणंही मला जमलं नाही.

पदवी मिळाली. वस्तीत सत्कार झाला, वडील रडले. महिनाभरानं पेढ्यांचा पुडा घेऊन मी मामांच्या दारात उभी राहिले. त्यांची बायको बाहेर आली. तिनं पुड्याला हात लावला नाही.

'सोमवारी त्यायनी समद्या गावाला बोलावलं व्हतं,' ती हळूच म्हणाली. 'धुतलेलं धोतर नेसले. सकाळपासून पारावर बसले. शिकलेली बाई येनार हाय, ती सांगनार हाय म्हनले. दुपारी लोकं हसत उठून गेले. हे दिवस बुडूस्तोवर तितंच. तवापासून घराभाईर पडले न्हाईत.'

माझी मान वर होईना. आतून खाट करकरली आणि मामांचा आवाज आला, 'कोन हाय गं?'

तिनं माझ्याकडं पाहिलं.

'कुनी न्हाई,' ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.