डोक्यावर तारका असलेली सून

शहाण्णव सालचा मे. लग्न बारा दिवसांवर आलं तरी क्षमाच्या मनातून एक गोष्ट जाईना. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहायचं सुनेचं नवं नाव तिने आपल्या लेकीला, श्रद्धाला, न विचारताच कबूल केलं होतं. बोलणी चालू असताना सांगलीच्या विहीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे नाव बदलतात, वैदेही ठरलंय. क्षमाच्या तोंडात पेढा होता. तिने मान हलवली.

श्रद्धाचं सगळंच वेगळं. साताऱ्यातल्या मैत्रिणी बँकेच्या परीक्षा देत असताना ही पुण्याला भाषाशास्त्र शिकायला गेली आणि चार वर्षं एकाच शब्दापाशी बसली. 'स्नुखा', म्हणजे सून. रशियन, पोलिश वगैरे भाषा जिच्यातून निघाल्या त्या जुन्या भाषेतला शब्द. ती भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही, म्हणून अंदाजाने उभ्या केलेल्या शब्दाच्या डोक्यावर तारका काढतात. शेजारच्या लालासाहेबांनी हे ऐकून विचारलं, "म्हंजी पोरगी बघितलीच न्हाई, नुसती पसंत केली?" श्रद्धाने ते वाक्य प्रबंधाच्या वहीत उतरवून घेतलं.

काल दुपारी रुखवताची भांडी पुसताना तिने स्नुखाची रूपं म्हणून दाखवली. 'सुनेला' असं म्हणायचं तर 'स्नुसे', ख जाऊन स येतो. लॅटिन-ग्रीकमध्ये तर हाच शब्द, ही बाई, पुरुषी प्रत्ययाचं शेपूट लावून हिंडते, मूळची तशीच असावी. शेवटचा बायकी 'आ' मागाहून चिकटवलेला.

"ज्याने त्याने हिला आपल्यासारखं करून घेतलं," श्रद्धा म्हणाली, "तरी ओळखू येते."

क्षमाने कळशी उगाच पुन्हा पुसली. त्यांनी तुझं नाव बदलायचं म्हटलं तर, असं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तर लग्न मोडायचं. पण बोलणी करायला तू होतीस ना. तसं काही असतं तर बोलली असतीस."

क्षमा हे नाव सासरचं. तिचं स्वतःचं बी.ए.चं सर्टिफिकेट मालती नावाच्या कुणा बाईचं होतं. पूर्वी नोकरी देऊ केलेल्या एका शाळेने ही मालती कोण असं विचारलं, तेव्हा सासऱ्यांनी ती आता नाही असं सांगून टाकलं होतं. नोकरी गेली. सुतक तेवढं कुणी पाळलं नाही.

विहीणबाई दुपारी दोन ते चार झोपतात, फोन घेत नाहीत. आता घड्याळात साडेतीन वाजले होते. चारपर्यंत थांबलं तर आपण पुन्हा मान हलवू, हे क्षमाला पक्कं ठाऊक होतं. झोपमोड झाली तर झाली. सुरुवात कशी करायची तेही तिने ठरवलं: मी मालती बोलतेय. कोण मालती, असं त्या विचारतीलच.

तिने फोन जवळ ओढला.