चढणार नाही म्हणाला होता

खारूमामाला स्टुलावर चढायला सांगून बघा, सरळ नाही म्हणेल. खोलीतला दिवा गेला की तो सोबत्याला हाक मारतो आणि स्वतः खाली उभा राहून बॅटरी धरतो. झोपायला दोनमजली खाट आहे, त्यातही त्याला खालचीच लागते. नव्या माणसाला वाटावं, बिचारा भित्रा दिसतो. आणि हाच गृहस्थ रोज सकाळी शहरातल्या सगळ्यात उंच टॉवरच्या गच्चीवरून, दोरांना टांगलेल्या लोखंडी पाळण्यात उभा राहून, मजला-मजला करत खाली येतो आणि बाहेरून काचा पुसतो. घ्या! आता अशा माणसाला काय म्हणायचं?

वेडा म्हणू नका. त्याचं आपलं एक गणित होतं.

त्याचे वडील रंगारी होते. परांचीवर उभं राहून इमारती रंगवायचे. एका दुपारी परांचीचा बांबू सरकला आणि ते गेले. आई त्याआधीच गेलेली. मागे राहिली थोरली ताई आणि हा. हा म्हणजे झाड म्हणू नका, भिंत म्हणू नका, दिसेल त्यावर सरसर चढणारं कार्टं, म्हणून नाव पडलं खारू. वडील गेल्यावर आठवड्याच्या आत ताईला तो शेजाऱ्यांच्या पत्र्यावर दिसला. तिने त्याला खाली बोलावलं, एक सणसणीत ठेवून दिली, मग स्वतःच रडत बसली, आणि त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून त्याच्याकडून वदवून घेतलं की जिना सोडून कशावरही चढणार नाही. पुढे ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला. तो शब्द त्याने कधी मोडला नाही.

म्हणजे कसं, की गच्चीवर तो लिफ्टने जातो. चढते ती लिफ्ट, हा नुसता आत उभा असतो. गच्चीचा कठडा तो ओलांडतो. आणि पाळण्याचं म्हणाल तर तो खालीच येतो. परत वर न्यायचा तर गच्चीवरची मोटर रिकामाच ओढून घेते. मग चढलो कुठे, सांगा? उतरणार नाही असं तर म्हटलं नव्हतं! पाळण्यातला त्याचा जोडीदार मौनी हे ऐकून म्हणायचा, खारू, तू वकील व्हायचा राहिलास. या जोडीदाराला मौनी म्हणत, कारण त्याचं तोंड झोपेतही मिटत नसे.

पण गणित इतकं चोख असतं, तर माणूस ते उघड मांडतो की नाही? खारूने ताईला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. या शहरात आल्यावर नोकरी लागली तेव्हा फोनवर एवढंच म्हणाला होता, काचेचं काम आहे ताई, वर असतो मी. त्यात खोटं काय होतं? ताईने आपल्या मनाने काचेची केबिन उभी केली, आत फिरती खुर्ची ठेवली, खुर्चीत भावाला बसवलं आणि गल्लीभर सांगून टाकलं की आमचा खारू फार वर गेलाय. शेजारच्या काकूंना कमी ऐकू येतं. त्यांनी डोळ्यांना पदर लावून विचारलं, कधी गं, आणि काय झालं होतं? तो गोंधळ निस्तरायला ताईला अर्धी सकाळ लागली.

ताईचा फोन कधी भलत्या वेळी यायचा. खारू पाळण्यात असला तरी उचलायचा, नाही उचलला तर ती काळजी करते म्हणून. वारा कानात घूं घूं करायचा. ताई ओरडायची, केवढा पंखा लावलायस रे, सर्दी होईल, कमी कर तो. हा म्हणायचा, करतो. मौनी पोट धरून हसायचा आणि पाळणा हलायचा.

असं सगळं सुखात चाललेलं असताना टिकली टपकली. टिकली म्हणजे ताईची मुलगी. परदेशात मातीचं कसलंसं शास्त्र शिकते. माती कळायला एवढं लांब कशाला जायचं, हे मामाला अजून कळलेलं नाही, पण भाची हुशार आहे म्हणून तो गप्प राहतो. सुट्टीत घरी निघाली होती आणि तिचं विमान याच शहरात बदलायचं होतं. सकाळी उतरायचं, संध्याकाळी पुढचं विमान. ताईने फर्मान काढलं: पोरीला विमानतळावर घ्यायला जा, पोटभर खायला घाल, आणि तुझं ऑफिस दाखव. मला फोटो हवाय.

मामाने रजा काढली. टिकली बाहेर आली ती कानाला फोन लावूनच. ‘आई, उतरले,’ एवढंच म्हणाली आणि मामाच्या गळ्यात पडली. ताईचा हा जुना नियम होता. पोरगी बसमधून उतरो नाही तर विमानातून, पाय जमिनीला लागला की आधी फोन.

खोलीवर सामान टाकलं, खाणं झालं. मामाने दुपारचे बेत ऐकवायला सुरुवात केली. समुद्र बघू, बाग बघू, माशांचं मोठं घर आहे काचेचं, ते तर बघायलाच हवं. टिकली ऐकून घेत होती. मग तिने फोन पुढे केला. टॉवरच्या वरच्या मजल्यावर चहाकॉफीचं हॉटेल आहे, तिथलं टेबल तिने आधीच राखून ठेवलं होतं. म्हणाली, याच टॉवरमध्ये तुझं ऑफिस आहे ना मामा? मला उंचीची भीती वाटते, पण आईने फोटो मागितलाय. मामाच्या तोंडचं पाणी पळालं.

आता काय करायचं? तो मनात म्हणाला, हॉटेल तर हॉटेल. तिथे माझी केबिन नाहीच, आज माझी रजा आहे म्हणू, समुद्राचा फोटो काढू आणि पळू. आज पाळण्यावर मौनी होता, बरोबर बदलीचा माणूस. ते दोघे दिसले नाहीत म्हणजे गंगेत घोडं न्हालं.

दोघं वर गेली. इतकी वर्षं बाहेरून पुसलेल्या काचा खारूमामा पहिल्यांदा आतून बघत होता. ज्या गालिच्याकडे रोज बाहेरून बघायचा त्यावर बूट टेकवताना त्याला उगीच संकोच वाटला. टिकलीने त्याची बाही घट्ट धरली होती. टेबल कुठलंही घ्या, असं वाढप्याने सांगितलं. समुद्राच्या बाजूला वारा होता, काच बारीक गुणगुणत होती आणि तो आवाज ऐकून पोरीचा चेहरा उतरला. मामा तिला हाताला धरून पलीकडच्या बाजूला घेऊन गेला. इकडे वारा पडलेला होता, सगळं शांत होतं. बस इथे, म्हणाला, इथे काही भीती नाही.

आणि बसता बसता त्याच्या लक्षात आलं. अरे गाढवा! वारा ज्या बाजूला नसतो त्याच बाजूला पाळणा सोडतात, हे बाहेरच्या कुणाला ठाऊक नसेल, पण त्याला नको ठाऊक? सवयीने वारा हुंगत तो भाचीला बरोबर तिथेच घेऊन आला होता.

तोवर काचेच्या वरच्या कडेला पाळण्याचा तळ दिसू लागला आणि त्यावर दोघांचे बूट. मग गुडघे आले, मग कमरेचा पट्टा, आणि शेवटी मौनीचं तोंड, तेही बदलीच्या माणसाशी चालू असलेलं. आतला खारू दिसला मात्र, त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्याने काचेवर टकटक केलं, हात हलवले. मामा भिंतीकडे बघू लागला. तेव्हा मौनीने काचेवर फेस फासला आणि बोटाने लिहायला घेतलं. हे काचवाले बाहेरून उलटी अक्षरं काढतात, म्हणजे आतल्याला सुलट वाचता येतात. रिकामपणी आतल्या माणसांशी गप्पा मारायची ती त्यांची रीत.

टिकलीने मोठ्याने वाचलं. खारू, आज तुझा पट्टा मी बांधलाय.

तिने मामाकडे बघितलं. मग त्याच्या हातांकडे बघितलं, साबणाच्या पाण्याने चिरा पडलेल्या बोटांकडे.

‘मामा, तू बाहेर असतोस?’

मामाने मान डोलावली. आईला माहीत आहे का, या प्रश्नाला त्याने ती आडवी हलवली. आणि बरोबर त्याच वेळी फोन वाजायला हवा होता, तसा तो टिकलीच्या हातात वाजला. ताईचा होता, चेहरे दिसणारा. शेजारच्या काकूंना घेऊन ती केबिन बघायला बसली असणार.

टिकलीने पटकन मनाशी ठरवलं. म्हणाली, मामा, मी सांगते ऑफिसला सुट्टी आहे म्हणून, नाही तर तो पलीकडचा कोपरा दाखवते, तुझी केबिन म्हणून. तू बोलू नकोस.

हे मात्र मामाला झोंबलं. आपण शब्दाच्या कडेकडेने चाललो, पण खोटं म्हणून कधी बोललो नाही, या गुर्मीत तो इतकी वर्षं जगला होता. आणि आता ही एवढीशी पोर त्याच्यासाठी आपल्या आईशी धडधडीत खोटं बोलायला निघाली होती. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने तिच्या हातातून फोन घेतला आणि ताईचा चेहरा दिसताच तो काचेकडे वळवला. ताईने विचारलं, हा कोण लटकतोय? माझा जोडीदार मौनी, मामा म्हणाला. अगंबाई, तो एवढ्या वर चढला कसा?

‘चढला नाही ताई. उतरलाय. मीही रोज असाच उतरतो.’

 मग ताईने काकूंना दूध उतू गेलं का ते बघायला पाठवलं.

‘म्हणजे तो पंखा?’

‘वारा होता, ताई.’

ताई डोळे पुसत राहिली. मामाने आपलं गणित सांगायला तोंड उघडलं, लिफ्टचं, कठड्याचं, मोटरचं, पण ताईच्या पुढच्या वाक्याने ते जागीच विरघळलं.

‘बाबा उतरतानाच पडले होते रे. तू लहान होतास, तुला सांगितलं नव्हतं.’

खारूमामा खुर्चीत बसला. बाहेर मौनीला काय झालं ते कळेना, त्याने लिहिलेलं मुकाट्याने वायपरने पुसून टाकलं आणि जन्मात पहिल्यांदा तो नावाप्रमाणे वागला. टिकली उठली. जमिनीकडे न बघता काचेला लागून मामाच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सोडतो ताई हे काम, मामा म्हणाला. ताईने नाक ओढलं. तिला भाऊ ठाऊक होता. याला जमिनीवर बांधून ठेवला तर हा सुकून जाईल, हे तिला त्या पत्र्याच्या दिवसापासून कळलेलं होतं, फक्त तेव्हा ती फार घाबरली होती.

‘सोडू नकोस. टिकलीचा नियम तुलाही. उतरलास की फोन करायचा.’

मग लगेच आवाज बदलून तिने विचारलं की पट्टा नवा आहे का, कोण तपासतं, त्या मौनीच्या हातात गाठ नीट बसते का. मौनीचं लग्न झालंय का हेही विचारून झालं. काकू परत आल्या तेव्हा ताई त्यांना ठणकावून सांगत होती की आमच्या खारूची केबिन इतकी वर आहे की तिला भिंतीच नाहीत.

संध्याकाळी विमानतळावर टिकली आत जाता जाता वळली आणि म्हणाली, मामा, उतरल्यावर फोन आता आपल्या दोघांनाही करायचाय हं. तिचा फोन ताईला त्याच रात्री गेला.

दुसऱ्या दिवशी पाळणा जमिनीला टेकला. मौनीची बडबड पुन्हा सुरू झाली होती. खारूमामाने त्याला हाताने गप्प केलं, पट्टा सोडायच्या आधी खिशातून फोन काढला आणि ताईला लावला.

‘ताई, उतरलो.’

ताईने आधी फोनमधल्या वाऱ्याचा कानोसा घेतला.

‘आज पंखा बंद आहे,’ ती म्हणाली. ‘बरं वाटलं. जेवून घे आता.’