टिळ्याखाली सुटलेलं कोटिंग

आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. वडील युनियनची पत्रकं लिहायचे; ‘समान संधी’ हे शब्द मी त्यांवरच वाचायला शिकले. तरीही अयोध्या नगरजवळच्या त्या लहानशा वर्कशॉपमध्ये माझ्यासोबत लागलेली उज्जैनची मैत्रीण मला डोळ्यांसमोर नको असायची. दोघी ट्रेनी, आणि कायमची जागा एकच.

पत्र्याला भोकं पाडणाऱ्या पोलादी पंचांवर आम्ही सोनेरी, कडक कोटिंग चढवायचो. ते लवकर झिजायचं. माझं म्हणणं, थर जाड करा. ती म्हणाली, “अगं, खालचं लोखंडच नरम असेल तर वरचा थर अंड्याच्या टरफलासारखा तडकणार ना!” म्हणून आधी नायट्रोजन वायूत तापवून पंचाची कातडी कडक करायची आणि मग कोटिंग. हे मला का सुचलं नाही, या विचाराने मला जेवण जाईना.

मालकांनी सांगितलं, दोघींचा एकेक पंच भोकं पाडायच्या प्रेसवर लावू. जिचा जास्त टिकेल, तिला कायम करू.

दसऱ्याला ती घरी गेली. माझा पंच तयार होता. तिचा धुऊन ट्रेमध्ये, फक्त कोटिंग बाकी. मालकांनी यंत्रांची पूजा केली, थाळी माझ्या हातात. भक्तीच्या भरात त्यांनी तिच्या पंचालाही तेलात कालवलेल्या कुंकवाचा टिळा लावला. मला वाटलं, पुन्हा धुतील. पण त्यांनी तो नुसता फडक्याने पुसून कोटिंगच्या भट्टीत ठेवला.

ती परतल्यावर चाचणी झाली. प्रेसवर तिच्या पंचाचं कोटिंग बघता बघता सुटलं. “देखा? बड़ी आई साइंटिस्ट!” मालक म्हणाले. तिचे डोळे भरले आणि मला आतून गुदगुल्या झाल्या. मजेने मी पंच हातात घेतला.

कोटिंग एकाच ठिकाणी गेलं होतं. बोटभर रुंद, वर निमुळतं. बाकी कुठे ओरखडासुद्धा नाही. गप्प बसले असते तर जागा माझी होती.

“सर, यह आपका तिलक है.”

“पूजा में खोट निकाल रही हो, बेटा?”

“पूजा में नहीं सर, तेल में.”

तेलकट जागी कोटिंग धरतच नाही. म्हणून नवा पंच तिच्या रीतीने तयार झाला आणि धुऊन थेट भट्टीत गेला. माझ्या पंचाची धार बोथट झाली, तरी तिचा चालूच होता. जागा तिला मिळाली.

संध्याकाळी तिने मला ओढत बिट्टन मार्केटला चाट खायला नेलं. “किती मोठं मन गं तुझं!”

“मन-बिन काही नाही. कुंकवाने पाडलेल्या पोरीची जागा मला नको होती. मला तुला धड हरवायचं होतं.”

“आणि आता?”

“आता तुझा पंच दिसला तरी डोकं फिरतं.”

“खा मुकाट्याने. उद्यापासून मी सीनियर आहे.”

ती प्लेट मी चिडूनच संपवली.