विलायतीभाऊंचं एकच नाटक

अनसिंगच्या बाजारपेठेत हातात खराटा घेणारा शेठजींचा मुलगा एकच होता. घरी कापडाचं भरलेलं दुकान, हाताखाली गडीमाणसं. आणि हे विलायतेहून शिकून आलेले चिरंजीव शाळेच्या पटांगणातला स्टेज तालमीआधी स्वतः झाडत. कोणी मदतीला पुढे झालं तरी खराटा सोडत नसत. "तिथं आमचे बुढे मास्तरबी झाडत. जिथं उभं राह्याचं ते आपन झाडाव," एवढंच म्हणत. शेठजी समोरच्या दुकानातून हे बघत आणि मान फिरवून घेत.

गाव त्यांना विलायतीभाऊ म्हणे. थोडं कौतुकानं, बरंचसं टवाळीनं. वडिलांनी त्यांना कापडगिरणीचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला धाडलं होतं. त्यांनी वर्षभरात ते सोडून लंडनच्या एका नाट्यशाळेत नाव घातलं. घरी पत्रं मात्र सुताची आणि मागाचीच येत राहिली. आणखी दोन वर्षांनी बिंग फुटलं, शेठजींनी तार करून बोलावून घेतलं आणि शेवटचं वर्ष बाकी असताना भाऊ गादीवर येऊन बसले. ही त्र्याहत्तर सालची गोष्ट.

दुकानात त्यांचं लक्ष कापडापेक्षा गिऱ्हाइकांवर. मी आईबरोबर गेले की हळूच सांगत, "कुसुम, ते शेलूबाजारची बाई पाह्य. तिले लुगडं पसंत हाये, पन नवरा नाई म्हनते. तोंड नको पाहू, तिचा हात पाह्य. पदरावरून निघून नाई राह्यला." मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली एकोणीस वर्षांची मुलगी. माणसांकडे बघणं हेही एक काम असतं, हे मला त्या दुकानात कळलं. त्याच कामावर मी पुढे आयुष्यभर पोट भरलं.

त्या उन्हाळ्यात लंडनच्या मास्तरांचं पत्र आलं. जागा राखून ठेवली आहे, ये आणि वर्ष पुरं कर. भाऊंनी ते पत्र वडिलांपुढे ठेवलं. शेठजी दोन दिवसांनी म्हणाले, "गनपतीत नाटक कर. काय शिकला ते मले पाहू दे. मंग ठरवू." भाऊंनी स्वतःच एक छोटं नाटक लिहिलं. त्यातल्या आईचं काम मी करावं म्हणून ते दोनदा आमच्या ओट्यावर येऊन बसले. गावात तोवर बाईचं काम पुरुषच करत. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. शेठजींच्या मुलाला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

आमच्या गावात नाटक दोनदा ऐकू येई. आधी विंगेतून दामूअण्णांच्या तोंडून, मग नटाच्या. दामूअण्णा वीस वर्षांचे प्रॉम्प्टर, आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जाणारा. भाऊंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "प्रॉम्प्टर नाई. पाठ करा." दामूअण्णा फुगून बसले, पण वही घेऊन तालमीला रोज हजर राहिले.

सगळा भर एका प्रसंगावर होता. आई सुपात डाळ निवडत बसली आहे. शेजारचा माणूस येऊन सांगतो की मुलगा गेला. त्यानंतर पूर्ण एक मिनिट ती काही बोलत नाही, डाळ निवडत राहते. त्या एका मिनिटाची भाऊंनी महिनाभर तालीम घेतली. माझा हात जरा भरभर चालला तरी थांबवत. "रडू नको. तू रडली तं लोकं बी रडून मोकये होतीन अन् घरी जातीन. तू नाई रडली तं तुले संगं घेऊन जातीन."

नाटक दिवेलागणीला सुरू झालं. शेठजी पहिल्या रांगेत खुर्चीवर. शेजारचा माणूस येऊन सांगून गेला, मी डाळ निवडू लागले. थोडा वेळ मांडव गप्प होता. मग कुजबुज उठली, "इसरली वाटते." आमच्याकडे स्टेजवर कोणी गप्प बसलं की त्याचा एवढाच अर्थ होता. "घाबरू नको, बाई!" मागून कोणी तरी धीर दिला. दामूअण्णांच्या जिवाला ते सोसेना. वहीत वाक्य नव्हतं, तर त्यांनी जुन्या कुठल्या तरी नाटकातलं फेकलं, "माझ्या लेकरा, कुठं गेलास रे!" पहिल्या दोन रांगांनी ते जसंच्या तसं मला ऐकवलं.

मी विंगेकडे पाहिलं. भाऊ हातानं सांगत होते, थांब, थांब. मला ते स्वच्छ दिसलं. तरीही मी सूप फेकलं आणि हंबरडा फोडला. काय काय बोलले ते मला आजही आठवत नाही. मांडव ढसाढसा रडला. शेठजींनी उपरण्यानं डोळे पुसले आणि पडदा पडताच वर येऊन मुलाला छातीशी धरलं. "अरे बापा, येवढं तं तुले येते! मंग आता विलायतेत कायले जातं?"

लंडनच्या पत्राला भाऊंनी उत्तर दिलं नाही, पुन्हा नाटकही बसवलं नाही. त्या गर्दीत अकोल्याच्या नाटक मंडळीतले एक गृहस्थ होते. माझा हंबरडा ऐकून त्यांनी मला बोलावलं आणि माझं सगळं तिथून सुरू झालं. लोक मला नशीबवान म्हणत, तेव्हा मला खाली बघावं लागे.

एकोणऐंशी साली शेठजी वारल्याचं कळल्यावर मी दुकानात गेले. भाऊंना चष्मा लागला होता, अंगानं उतरले होते. मी एवढंच म्हणाले, "भाऊ, माझ्यामुळं तुमचं जाणं राहिलं." ते हातातल्या कापडाच्या ठाणाची घडी घालत राहिले.

"तुयं काई नाई चुकलं. बाबानं अडवलं असतं तरी मी पयून गेलो असतो. पन तू रडली ना, तवा विंगेत मी बी रडलो. खरंखुरं. मंग मले समजेच ना, दोन वर्सं मी तिथं काय शिकलो." मग ते गिऱ्हाइकाकडे वळले. त्यानंतर आमची भेट झाली नाही. तीन वर्षांनी ते गेले.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी 'रडू नको' असंच सांगते, भाऊंच्याच शब्दांत. एखादी तरीही फुटते आणि समोर बसलेल्या माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. तिला थांबवायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि ज्यांना विचारावं त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.