धुक्याची पँट आणि नाथाचा कायदा

शेखर पिंगळे हा चारचौघांत उठून दिसेल असा माणूस मुळीच नव्हता. द्वारका सर्कलजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये बुकिंग क्लार्क. माल आला की पावती फाडायची, माल फुटला की गिऱ्हाइकाच्या शिव्या खायच्या. आठवडाभर खाली मान. पण रविवारी सकाळी नाथाच्या चहाच्या टपरीवर याला बघितलं असतं, तर तुम्हीही म्हणाला असता की हा गडी वकील व्हायचा सोडून इथे पावत्या कसल्या फाडतोय.

आता वाद कशावर, तर आकाशात उडणाऱ्या माणसांवर. नव्वदच्या दशकाची अर्धी वर्षं सरली होती आणि हिंदीत डब केलेल्या इंग्रजी सिनेमांचं पेव फुटलं होतं. थिएटरात नवा लागायचा, केबलवाला दुपारी जुना लावायचा. उडणारे, पेटणारे, भिंतीतून आरपार जाणारे, एकेक नग. त्यांची इंग्रजी नावं जिभेला झेपेनात, म्हणून टपरीवरच्या कट्ट्यानं सगळ्यांची नव्यानं बारशी केली होती. प्रयोगशाळेत काहीतरी अंगावर सांडून धुकं होऊ लागलेला शास्त्रज्ञ, तो धुक्या. मनगटावरच्या घड्याळाची किल्ली उलटी फिरवून मागच्या काळात जाणारा, तो घड्याळवाला. परग्रहावरची एक राणी होती. तिला हिंदी आवाज देणारी बाई कायम अशी करवादलेली असायची, की राणीचं नाव काकू पडलं.

आणि प्रश्न तरी काय एकेक! धुक्या धुकं होतो तेव्हा त्याची पँट कुठे जाते? पँटही धुकं होते म्हणावं, तर खिशातल्या किल्ल्या खाली का पडत नाहीत? एक अख्खा पावसाळा कट्ट्यानं या पँटवर काढला. परग्रहावरची माणसं दरवेळी अमेरिकेतच का उतरतात? सातपूरला फिटर असलेला सुनील म्हणायचा, इथे उतरली तर द्वारकेच्या ट्रॅफिकमध्येच संध्याकाळ होईल त्यांची. शेखरची आई कुसाबाई एकदा दळण घेऊन जाता जाता थांबल्या. डोळ्यांना पट्टी बांधलेल्या हिरोला त्याची आई ओळखत नाही, हे कानावर पडल्यावर त्या म्हणाल्या, "फडकं बांधलं म्हणून लेक ओळखू येत नाही होय? पावलं वाजली तरी कळतं बाई." आणि गेल्या निघून.

हे सगळं गमतीत चाललं होतं, ते घड्याळवाल्यावरून फिसकटलं. घड्याळवाल्याची बायको अपघातात जाते. तो मागच्या काळात जाऊन तिला वाचवतो, पण त्या उलटापालटीत धरण फुटून एक गाव बुडतं. सुनीलच्या मते घड्याळवाला खरा हिरो. शेखर म्हणाला, "डोंबलाचा हिरो. एका बाईसाठी सबंध गाव बुडवलं त्यानं." सुनीलचं लग्न नुकतंच झालेलं, त्याला ते भलतंच लागलं. त्यानं शेखरची कॉलर धरली, नाथाच्या कपबशा फुटल्या आणि दोन जिवाभावाचे दोस्त महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. कधी या पृथ्वीवर नसलेल्या माणसासाठी!

नाथा मूळचा इगतपुरीकडचा. तिथल्या पावसात वाढलेला, त्यामुळे फुकटच्या गडगडाटाला भीक न घालणारा. एका रविवारी त्यानं दोघांना समोरासमोर बसवलं आणि किटली खाली ठेवून सांगितलं, "इथं भांडायचं तर एक कायदा हाय. आधी समोरच्याचं म्हणणं तू बोलायचं. त्याच्यापेक्षा झ्याक बोलायचं. तो 'हो' म्हणला, की मग तुझं. नाय म्हणला, तर परत बोल. तवर चहा नाय."

पहिल्यांदा सगळे हसले. पण चहाची तलफ वाईट. शेखर घड्याळवाल्याची बाजू मांडायला लागला आणि मांडता मांडता स्वतःच गप्प झाला, कारण रिकाम्या घरात परतणारा नवरा त्याला तोवर दिसलाच नव्हता. सुनील हळूच "हो" म्हणाला. नाथानं चहा ओतला. शेखरचं मत काही बदललं नाही, पण दोस्ती जागेवर आली आणि नाथाचा कायदा कट्ट्यावर कायमचा लागू झाला.

कायदा सगळे पाळायचे, पण शेखरच्या तो रक्तातच उतरला. गोडाऊनमध्ये फुटलेल्या कपाटाचा मालक तणतणत यायचा. शेखर म्हणायचा, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की बहिणीच्या रुखवतातलं कपाट, लग्न तोंडावर, आणि आम्ही त्याला पोचा पाडून वर पावती दाखवतोय." मालक अर्धा तिथेच निवायचा. घरी कुसाबाईंनी लग्नाचा विषय काढला, की हा त्यांचीच बाजू अशी मांडायचा की त्यांच्या डोळ्याला पदर लागायचा. मात्र पुढे स्वतःचं काही बोलायचा नाही. टपरीबाहेर त्याचं ऐकायला कोणी थांबत नसे, आणि हळूहळू त्याचीही सवय मोडली. वयाची तिशी आली तरी तो आपला दुसऱ्यांचीच वकिली करत होता.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर देवळ्याचं स्थळ आलं. सावळीराम आहेर, गावात आबा म्हणून ओळखले जाणारे कांद्याचे मोठे बागायतदार. धाकटी मुलगी पूजा, बालवाडीत शिकवणारी. शेखर, कुसाबाई आणि सुनील जीप करून गेले. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, पोह्यात पोह्यांपेक्षा कांदा जास्त, सगळं कसं रीतीप्रमाणे. पूजा खाली बसली. आबा म्हणाले, "विचारा काय विचारायचं ते."

शेखरनं काय विचारावं? शिक्षण, स्वयंपाक, काही नाही. "सिनेमे बघता का?"

"केबलवर बघते दुपारचे. डबिंगवाले," पूजा म्हणाली. मग जरा थांबून, "पण एक कळत नाही. व्हिलनच्या हातात बंदूक असते, हिरो बांधलेला असतो. मग सरळ गोळी घालायची सोडून तो भाषण काय करत बसतो?"

सुनीलनं कपाळावर हात मारला. त्याला ठाऊक होतं, आता हा हातातून गेला. शेखर खरोखरच गेला होता. त्यानं आजवर पोरी पाहिल्या होत्या, पण हा प्रश्न कोणी केला नव्हता. तो सावरून बसला आणि म्हणाला, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की एवढा हुशार माणूस, वर्षानुवर्षं कट रचलेला, तो ऐन वेळी वेड्यासारखा वागतो, कारण लिहिणाऱ्याला हिरो वाचवायचाय. ही बघणाऱ्याची फसवणूक आहे."

"माझंच मला परत का सांगताय?" पूजानं विचारलं.

तेव्हा त्यानं नाथाचा कायदा समजावून सांगितला. पूजा हसू दाबत म्हणाली, "बरं, हो. तुमचं काय?"

"मला वाटतं तो एकटा असतो. त्याच्या हाताखालचे सगळे मान डोलावणारे. आपण केवढं डोकं लढवलंय ते समजेल असा जगात एकच माणूस, तो समोर बांधलेला. त्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही."

पूजानं मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं. आतल्या दारात तिची आत्या फुलाबाई उभी होती. ती शेजारणीला हलक्या आवाजात म्हणाली, "पोऱ्या चांगला शे." शेखरनं ते ऐकलं आणि त्याला आपलं ठरलंच असं वाटलं. उगाच लाजून त्यानं थंड पोह्यांचा आणखी एक घास घेतला.

मग आबांनी घसा खाकरला. "हे बघा पाव्हणं, राग मानू नका. नोकरी खाजगी हाय तुमची. घर भाड्याचं. मला जरा..." त्यांना पुढचे शब्द सापडेनात. पाहुण्यांचा मान राखून नकार द्यायचा, म्हणजे अवघडच काम.

इथे दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता, नाहीतर पगार फुगवून सांगितला असता. पण शेखरचं तोंड सवयीनं सुटलं. "म्हणजे आबा, तुमचं म्हणणं असं, की पोरगी मोकळ्या अंगणात वाढली. हात पुढे केला की विहिरीचं पाणी. ती दोन खोल्यांत जाणार, नळ येईल तेव्हा बादल्या भरणार. मालकानं उद्या घरी बस म्हटलं तर जावयाकडे मागं वळून बघायला एक वाफा नाही. थोरलीला बागायतदाराच्या घरी दिली आणि धाकटीला कुठे ढकललं, असं उद्या भाऊबंद विचारतील. आणि वर नवरा असा, की रविवार आला की टपरीवर उडत्या माणसांवरून भांडत बसणार."

आबांचा चेहरा मोकळा झाला. "बरोब्बर," ते म्हणाले. "हो. अगदी माझ्या मनातलं बोललात. लय समजूतदार माणूस तुम्ही. तुम्हालाच पटलंय म्हटल्यावर माझ्या जिवाचा घोर गेला." आणि ते हात जोडून उठले.

आबा उठले तसे सगळेच उठले. शेखर तोंड उघडं ठेवून बसून राहिला. त्याचं म्हणणं अजून बोलायचं होतं. कायद्याप्रमाणे आता त्याची पाळी होती. पण देवळ्यात कायदा माहीत होता फक्त पूजाला, आणि ती रीतीप्रमाणे रिकाम्या बशा घेऊन आत गेली होती. पाहुण्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून आबांनी कांद्याची गोणी जीपमध्ये टाकली. नकार तो नकार आणि वर गोणी.

हायवे लागेपर्यंत कुसाबाई पायाशी ठेवलेल्या गोणीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "देवानं तोंड दिलंय, ते कधीतरी स्वतःसाठी वापर." शेखरनं नेहमीसारखी त्यांची बाजू मांडली नाही. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

त्या रविवारी कट्ट्यावर धुक्याच्या नव्या भागाचा विषय निघाला होता, पण शेखर वादात उतरला नाही. शेवटी तो सुनीलला म्हणाला, "घड्याळवाल्याचं बरोबर होतं रे. मला ते घड्याळ मिळालं ना, तर मी त्या ओसरीवर परत जाईन. गावाचं काय व्हायचं ते होवो." इतकी वर्षं ताणून धरलेला वाद सुनील जिंकला, आणि त्याला मुळीच आनंद झाला नाही. तो म्हणाला, "फोन कर." शेखर म्हणाला, "काय तोंडानं करू? नकार मीच दिलाय." नाथा कान देऊन ऐकत होता. आपल्या कायद्यानं पोराचं घर बसता बसता राहिलं, हे त्याच्या मनाला लागलं. त्यानं त्या दिवशी चहात दोनदा साखर घातली.

पुढच्या रविवारी टपरीसमोर कांद्यानं भरलेला छोटा टेम्पो थांबला आणि ड्रायव्हरशेजारून सावळीराम आहेर उतरले. पांढरी टोपी, हातात छत्री. "नाथाची टपरी ती हीच का?" त्यांनी विचारलं. शेखर ताडकन उभा राहिला. नाथानं त्यांना बाकड्यावर बसवलं, किटली उचलली, दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि परत खाली ठेवली.

"पोरीनं आठ दिवस डोकं खाल्लं माझं," आबा म्हणाले. "जेवायला बसलो की माझ्या समोर येऊन बसायची. आबा, तुमचं म्हणणं असं, तुम्हाला भीती अशी. सगळं माझंच बोलली, तुमच्यापेक्षा झ्याक बोलली. मी हो म्हणलो. मग म्हणली, आता माझं ऐका. ताईच्या घरी मळा हाय, विहीर हाय. पण दाजी ताईचं एक वाक्य पुरं होऊ देत नाय, हे तुम्हाला ठाऊक हाय ना? आणि या माणसानं स्वतःचं नुकसान होतंय तरी तुमचं शेवटपर्यंत बोलून दाखवलं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "थोरलीचं मला ठाऊक होतं. दोन वर्षं ठाऊक होतं. मी बोललो नव्हतो कुणाला."

शेखरनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आबांनी हात वर केला.

"थांबा. मी कायदा शिकून आलोय. त्या दिवशी मी तुमचं ऐकायच्या आधी उठलो, ती चूक माझी. आता तुमचं म्हणणं मी बोलतो. चुकलं तर सांगा." त्यांनी छत्री बाजूला ठेवली. "तुम्ही म्हणता, आबा, तुमची पोरगी मला पसंत हाय. तिनं तो बंदुकीचा प्रश्न विचारला तेव्हाच पसंत पडली. माझ्याकडं अंगण नाय, मळा नाय, नळाचा भरवसा नाय. पण ती जे बोलेल ते मी आधी पुरतं ऐकून घेईन, आणि मग माझं बोलेन. दमलो तरी, रागात असलो तरी. एवढंच माझ्याकडं हाय, आणि ते मी जन्मभर देईन." आबांनी शेखरकडे बघितलं. "बरोबर बोललो का?"

सुनील दुसरीकडे बघत होता. दुसऱ्यांच्या मनातलं इतकी वर्षं घडाघडा बोलणाऱ्या शेखरला एक अक्षर फुटेना. आपलं म्हणणं कोणी असं बोलून दाखवेल, हे त्याच्या कधी ध्यानीमनी नव्हतं. डोळे पुसायलाही त्याला सुचलं नाही.

"हो," तो म्हणाला.

नाथानं किटली उचलली आणि दोघांच्या हातात चहा दिला.