हसीनाबी आणि जुळं केळं

हसीनाबी आधी हात उचलायची, मग तोंड उघडायची. कोल्हापुरातल्या एका इस्पितळात मी नवा डॉक्टर म्हणून रुजू झालो, त्याच सकाळी बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दारात तिनं एका दांडग्या गड्याच्या कानाखाली वाजवली. चौथीही पोरगीच झाली म्हणून त्यानं बायकोला शिवी हासडली होती. "पावणं, शिव्या भाईर. आत माज्या लेकी हायत," असं म्हणून ती पुन्हा फरशी पुसायला लागली. ती त्या वॉर्डातली आया. मोठे डॉक्टरसुद्धा तिच्या ओल्या फरशीवर पाय ठेवायला कचरायचे.

माझ्याशी ती एकेरीतच बोलायची. "डागदरा, पुस्तक लई वाचलंस. आता मानूस वाच की."

बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. कसबा बावड्याकडची सुशीला अडली म्हणून आली. पोट फाडून बाळं काढली. दोन मुली, समोरासमोर, छातीपासून बेंबीपर्यंत एकमेकींना जोडलेल्या. मी दोघींच्या छातीला नळी लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. हृदय एकच होतं, म्हणजे त्यांना वेगळं करणं शक्य नव्हतं. एकाच बीजाची दोन बाळं होताना सुटायला उशीर झाला की ती अशी जोडून राहतात आणि आईच्या हातात त्यातलं काही नसतं, हे मला परीक्षेपासून तोंडपाठ होतं.

तरी दुसऱ्या दिवशी केसपेपर भरताना, सासू आणि नवरा कॉटशी उभे असताना, मी सुशीलेला विचारलं, "दिवस असताना वेगळं काही खाल्लं होतंस?" मला औषधं म्हणायची होती. ती भाबडेपणानं म्हणाली, "एकदा जुळं केळं खाल्लं हुतं." पोटुशीनं जुळं केळं खाऊ नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी नुसता हसलो आणि पुढचा रकाना भरायला लागलो.

माझ्या हसण्याचा अर्थ सासूनं आपल्या सोयीनं लावला. "बघ! डागदरानंच काढलं भाईर! हिनंच खाल्लं ह्ये पाप!"

नवऱ्यानं सुशीलेला केसांना धरून कॉटवरून खाली ओढलं आणि ओल्या टाक्यांवर लाथ घातली. फरशीवर रक्त आलं. मी हातात पेन धरून उभाच. हसीनाबीनं बेडपॅन उचललं ते थेट त्याच्या कपाळावर. भुवई फुटली. त्यानं तिचा उजवा हात पिरगळला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी ती डाव्या हातानं मारतच राहिली, इतर बायकांच्या नातेवाइकांनी त्याला फरफटत बाहेर नेईपर्यंत.

सुशीलेला कॉटवर घेतल्यावर हसीनाबी माझ्याकडं आली आणि साऱ्या वॉर्डासमोर मला थोबाडीत दिली.

"लाथ त्येची, पर निमित्त तू दिलंस. आता समद्यांम्होरं सांग, केळ्यानं काय हुतंय त्ये."

मी सांगितलं, अडखळत, निम्मं पुस्तकी. तिनं ते मधेच तोडलं आणि सासूकडं वळली. "आगं, एका पिठाच्या दोन भाकरी करायच्या हुत्या, गोळा पुरता तुटलाच न्हाय. पर ह्यो गोळा आईच्या हातात असतोय व्हय?" सासू पदर सावरत निघून गेली. मला त्या थपडेचा राग आला नाही. लाज मात्र वाटली, आजही वाटते.

तिसऱ्या दिवशी एक मुलगी निळी पडली, पाठोपाठ दुसरी. नवऱ्यानं निरोप धाडला, "त्ये तुमीच बघा." प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून हसीनाबी माझ्याबरोबर आली. दुपारच्या उन्हात खड्डा मी खणला. मुलींना तिनं एका हातानं छातीशी धरलं होतं. "त्ये न्हवं," ती वाटेत एवढंच बोलली, "दोन पोरी."

सुशीलेचे टाके पुन्हा घालावे लागले. ती हिंडू-फिरू लागल्यावर नवरा आला, भुवईवर पट्टी. "चल घरला. झालं-गेलं."

"माज्या पोरी कुटं ठेवल्यास?" तिनं विचारलं.

तो भिंतीकडं बघत म्हणाला, "दवाखान्यानं केलं आसंल कायतरी."

हसीनाबीनं डाव्या हातातला पोतेरा बादलीत टाकला. "मला ठावं हाय. चल, दावतो."

सुशीलेनं नवऱ्याच्या हातातून आपली कपड्यांची पिशवी काढून घेतली आणि तिच्यामागं निघाली. "यील की माघारी," असं म्हणत तो व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसला. दिवेलागणीपर्यंत बसून होता. ती आली नाही, आणि पुढंही कधी त्याच्या घरी गेली नाही.