मैल्यावरचा दिवा

गुडगावच्या आमच्या सोसायटीत तेव्हा निम्मे टॉवर रिकामेच होते. बाहेरची गटारं अजून पोचली नव्हती, म्हणून सगळ्यांचं सांडपाणी तळघरातल्या प्लँटमध्ये साफ करून बागेला सोडायचे. त्यात अमोनिया राहायचा. संध्याकाळी हिरवळीवर बसलं की तो वास नाकाला झोंबायचा.

दिल्लीतल्या प्रयोगशाळेत माझं काम यावरच होतं. एका डब्यातले जिवाणू मैला खातात, त्यातून थोडीशी वीज सुटते. पाण्यात हवा सोडून अमोनियाचं नायट्रेट करून घ्यायचं आणि ते पाणी दुसऱ्या डब्यात न्यायचं. तिथले जिवाणू तारेतून आलेली वीज वापरून त्याचा नायट्रोजन वायू करतात. तो हवेत जातो.

गणपतीत हे सगळ्यांना दाखवायचं ठरलं. नवऱ्याने परस्पर जाहीर करून टाकलं, "गटर के पानी से लाइट जलेगी."

मी घरी म्हटलं, "अरे, दिवा लागण्याइतकी वीज यात नसते. आहे ती तिथेच खर्च होते."

"मग लोकांना दिसणार काय? नायट्रोजन गेला, हे कुणाला कळणार?"

आरतीनंतर क्लबहाउसमध्ये मी डब्यांवरचं कापड काढलं, आणि समोर छोटा दिवा लखलखत होता. टाळ्या पडल्या. मला उमगलं. मी डब्यामागे हात घातला. हाताला चिकटपट्टीत गुंडाळलेले पेन्सिल सेल लागले. मागे उभा असलेला नवरा जोरजोरात टाळ्या वाजवत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता.

सेक्रेटरींनी विचारलं, "मॅडम, गार्डन की सारी लाइटें इसी पे चल जाएंगी?"

मी तार ओढली. "ये बैटरी से जल रही थी. इससे सिर्फ पानी साफ होता है."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी आधीच्या आणि नंतरच्या पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या, वास घेऊन बघा म्हणाले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी नाकाला पदर लावले. तेवढ्यात प्रसाद वाटायला सुरुवात झाली आणि माणसं तिकडे वळली.

घरी आल्यावर मी विचारलं, "का केलंस असं?"

तो खाली वाकून बूट काढू लागला. मग म्हणाला, "तुला कुणी हसू नये म्हणून."

फसवणुकीपेक्षा हे जास्त लागलं. माझं काम जसं आहे तसं चारचौघांत दाखवायची त्यालाच लाज वाटत होती. इतकी वर्षं संसार करूनही मला हे कधी जाणवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही डबे गाडीत घालून परत न्यायला निघालो. गेटवर गार्डने काच वाजवली. "मैडम, इसमें क्या है?"

"मछली का पानी," मी म्हटलं. खरं सांगायला माझीही जीभ रेटली नाही.

नवऱ्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि गाडी हायवेला घेतली.